कुठला भारत, कोणत्या महिन्यात?

भारताच्या मुख्य भूमीचे दक्षिण टोक विषुववृत्तापासून जेमतेम आठ अंशांवर आहे आणि उत्तरेची सीमा सदतीस अंशांपर्यंत पोहोचते. कर्कवृत्त देशाच्या साधारण मधून, आठ राज्यांतून जाते. मेघालयातील मौसिनरामला वर्षाला सरासरी सुमारे ११,८०० मिलिमीटर पाऊस पडतो. साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या लेहला शंभराच्या आसपास. अशा देशाला भेट देण्याचा उत्तम काळ कोणता, या प्रश्नाला पर्यटनाच्या माहितीपत्रकांत एक ठरलेले उत्तर असते: ऑक्टोबर ते मार्च. हे उत्तर खोटे नाही, पण अर्धे आहे. राजस्थान, गोवा, कर्नाटकाचे पठार यांच्यापुरते ते बरोबर आहे. मात्र याच सहा महिन्यांत चेन्नईतला वर्षातला सर्वाधिक पाऊस पडून जातो, बंगालच्या उपसागरात चक्रीवादळे उठतात, केदारनाथची कपाटे बंद होतात, झोजिला खिंड बर्फाखाली जाते आणि दिल्लीपासून पाटण्यापर्यंतचा सगळा पट्टा जानेवारीत धुक्यात हरवतो. जयपूरला जाण्यासाठी जो नोव्हेंबर उत्तम, तोच रामेश्वरमच्या प्रवाशाला भिजवणारा. म्हणून आधी प्रदेश ठरवावा लागतो, मग तिथे काय पाहायचे ते, आणि महिना त्यानंतर.

१८७५ साली स्थापन झालेला भारतीय हवामान विभाग वर्षाचे चार भाग करतो. जानेवारी-फेब्रुवारी हा हिवाळा, मार्च ते मे मान्सूनपूर्व काळ, जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मान्सून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर मान्सूनोत्तर काळ. पंचांगातले ऋतू सहा आहेत, आणि प्रवाशाच्या गरजेला ही बारीक विभागणी जास्त जवळची आहे. सरकारी विभागणीत ऑक्टोबर आणि डिसेंबर एकाच खणात पडतात. प्रत्यक्षात महाराष्ट्रातला ऑक्टोबर म्हणजे भरलेली तळी, अजून हिरवे डोंगर आणि दुपारी घाम काढणारे ऊन. डिसेंबर म्हणजे पिवळे पडलेले गवत आणि पहाटेची थंडी. एकाच वाटेने या दोन महिन्यांत गेलेला माणूस दोन वेगळे प्रदेश पाहून येतो.

या सगळ्याच्या मुळाशी मान्सून आहे. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, वायव्य भारतावर हवेचा दाब कमी होतो आणि समुद्रावरून बाष्पाने भरलेले वारे आत खेचले जातात. हे वारे मेच्या उत्तरार्धात अंदमानात, १ जूनच्या सुमारास केरळात, ११ जूनला मुंबईत आणि २७ जूनला दिल्लीत पोहोचतात. ८ जुलैपर्यंत देश व्यापतात. परतीला १७ सप्टेंबरच्या सुमारास पश्चिम राजस्थानातून सुरुवात होते आणि मुंबईतून पाऊस ८ ऑक्टोबरच्या आसपास जातो. या सरासरी तारखा हवामान विभागाने २०२० मध्ये नव्याने ठरवल्या. आधीच्या तक्त्यात परतीचा प्रवास १ सप्टेंबरला सुरू होत असे. जुन्या मार्गदर्शिकेतील तारखांवर विसंबून बेत आखणाऱ्याने हा पंधरा-सोळा दिवसांचा फरक लक्षात ठेवावा. शिवाय या तारखा सरासरीच्या आहेत; एखाद्या वर्षी पाऊस आठवडाभर आधी येतो, एखाद्या वर्षी लांबतो.

वारा एकच असला तरी पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही. सह्याद्रीला धडकलेले ढग वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून पाचगणीमार्गे वाईला उतरले की तो हजाराच्या आत येतो, आणि माणदेशात आणखी घटतो. तासाभराच्या रस्त्यात हवामान बदलते. जुलैत महाबळेश्वरला दोन दिवस धुक्यापलीकडे काही दिसले नाही म्हणून निराश झालेल्याला त्याच दिवशी वाईचे घाट आणि मेणवली निवांत पाहता येतात.

तमिळनाडू हा नियमाला मोठा अपवाद. नैर्ऋत्येचे वारे पश्चिम घाट ओलांडून तिथे पोहोचतात तोवर बरेचसे कोरडे झालेले असतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर हा तिथला मुख्य पावसाळा नव्हे. ऑक्टोबरात वारे उलटतात, ईशान्येकडून वाहू लागतात, बंगालच्या उपसागरावरून येताना बाष्प उचलतात आणि ऑक्टोबर ते डिसेंबरात तमिळनाडूला त्याच्या वार्षिक पावसापैकी जवळपास निम्मा पाऊस देतात. २०१५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात चेन्नई बुडाली ती याच पावसात. महाराष्ट्रातून दिवाळीच्या सुटीत दक्षिणेतील मंदिरे पाहायला निघालेल्या कुटुंबांना हा पाऊस अनपेक्षित वाटतो, कारण त्यांच्या घरी तेव्हा पावसाळा संपलेला असतो. तंजावर, मदुराई, चिदंबरम यांच्यासाठी जानेवारी-फेब्रुवारी हाच काळ धरावा. पोंगलही जानेवारीच्या मध्यात असतो.

उत्तरेत हिवाळ्यातल्या पावसाचे कारण वेगळे आहे. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ इराण-अफगाणिस्तान ओलांडून डिसेंबर ते मार्चमध्ये हिमालयावर बर्फ आणि पंजाबच्या शेतांवर पाऊस आणतात. काश्मीर खोऱ्याचा पाऊसही मुख्यतः यांचाच. पीर पंजालची रांग मान्सूनला अडवते. म्हणून श्रीनगरला जुलैपेक्षा मार्च-एप्रिलमध्ये जास्त पाऊस पडतो. ट्यूलिपची बाग पाहायला जाणाऱ्याने छत्री बरोबर ठेवावी ती याचसाठी.

आणखी एक घटक उंचीचा, आणि तो हिशेबाला सर्वांत सोपा. एक किलोमीटर वर चढले की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. मैदानात चाळीस अंश असताना बावीसशे मीटरवरच्या शिमल्यात पंचविशीतली हवा मिळते ती यामुळे. इंग्रज राजवटीने या गणितावर आपला सगळा कारभार हलवला: १८६४ पासून शिमला ही उन्हाळी राजधानी झाली, मुंबई इलाख्याचे सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याला मुक्काम हलवी, तर मद्रास सरकार उटकमंडला जाई. आजची बहुतेक थंड हवेची ठिकाणे ही त्या स्थलांतराची देणगी आहे.

ऋतू पाहून प्रवास ठरवण्याची रीत मात्र त्याहून फार जुनी. बौद्ध भिक्षूंनी पावसाळ्यात एका जागी राहावे, असा वर्षावासाचा नियम होता. जैन साधू-साध्वी आजही चातुर्मासात विहार थांबवतात. भाजे, कार्ले, कान्हेरी अशा लेण्यांच्या विहारांना त्या वास्तव्यासाठी फार उपयोग होता. पाऊस ओसरला की वाटा खुल्या होत. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमा निघत, कारण तोवर नद्या उतरलेल्या असत आणि घोड्यांना चारा उभा असे. या शहाणपणाला छेद देणारी परंपराही महाराष्ट्रातच आहे. आषाढीची वारी भर पावसात चालते. पेरणी आटोपून वारकरी निघतात, आणि पावसातली वाटचाल हा त्या वारीचा भागच असतो. प्रवासाचा योग्य काळ प्रवासाच्या हेतूवर ठरतो, याचे याहून जिवंत उदाहरण शोधावे लागणार नाही.

प्रदेशवार विचार करताना सर्वाधिक गोंधळ हिमालयाबाबत होतो. नकाशावर तो सलग दिसतो, हवामानाने त्याचे अनेक तुकडे आहेत. दक्षिणेकडच्या उतारावर, म्हणजे शिमला, मनाली, मसुरी, नैनिताल आणि चारधामच्या परिसरात, मान्सून पूर्ण ताकदीने पडतो. इथे एप्रिल ते जूनचा मध्य हा एक काळ आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा दुसरा. पहिल्यात गर्दी असते आणि मैदानातली धूळ वर चढल्याने दूरची शिखरे धूसर दिसतात. दुसऱ्यात पावसाने धुतलेली हवा असते आणि कुमाऊँतील कौसानीहून त्रिशूल, नंदादेवी ठळक दिसतात. हिमशिखरे पाहण्यासाठी जाणाऱ्याने ऑक्टोबर सोडून दुसरा महिना निवडण्याचे काही कारण नाही. जुलै-ऑगस्टमध्ये या भागात दरडी कोसळतात आणि रस्ते दिवसच्या दिवस बंद राहतात. २०१३ च्या जूनमध्ये केदारनाथला, २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचलात जे घडले ते विसरण्यासारखे नाही. केदारनाथची आपत्ती १६-१७ जूनची, म्हणजे अनेकजण ज्याला अजून उन्हाळा समजतात त्या दिवसांतली.

याच पट्ट्यात एक अपवाद आहे: चमोली जिल्ह्यातील फुलांचे खोरे. १ जून ते ३१ ऑक्टोबर हे राष्ट्रीय उद्यान खुले असते, पण जूनमध्ये तिथे बर्फाचे पट्टे आणि कोवळे गवत दिसते, ऑक्टोबरात वाळलेले देठ. फुले येतात ती जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत, म्हणजे रस्ते सर्वाधिक धोक्याचे असतात तेव्हाच. तिथे जायचे तर पावसात जायचे, आणि दोन-तीन दिवस हाती राखून जायचे. त्याला पर्याय नाही.

मुख्य रांगेपलीकडचे लडाख आणि स्पिती हे पर्जन्यछायेतले थंड वाळवंट. मान्सूनचे ढग तिथे पोहोचेपर्यंत जवळजवळ रिते होतात, म्हणून देश भिजत असताना लेहमध्ये निळे आकाश असते. जून ते सप्टेंबर हा तिथला मुख्य काळ. अडचण असते ती वाटेची. मनालीहून लेहला जाणारा रस्ता आधी पावसाळी पट्ट्यातून जातो आणि मग बारालाचा ला ओलांडतो. २०२० च्या ऑक्टोबरात खुल्या झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यामुळे लाहौल हिवाळ्यातही जोडले गेले, पण लेहपर्यंतचा रस्ता त्यापुढच्या खिंडींमुळे हिवाळ्यात बंदच राहतो. विमान वर्षभर जाते. विमानाने गेलेल्याने पहिले दोन दिवस विश्रांतीला द्यावेत. विरळ हवेची सवय शरीराला लागते ती वेळ घेऊनच. लडाखमध्ये ढगफुटी होतच नाही, हा समज मात्र ६ ऑगस्ट २०१० च्या पहाटेआधीच्या पावसाने खोटा ठरवला. ज्यांना हिमबिबट्या पाहायचा आहे त्यांचा काळ अगदी उलटा, फेब्रुवारी-मार्चचा. तेव्हा भक्ष्याच्या मागोमाग तो खाली उतरतो आणि थंडी उणे पंधरा-वीसपर्यंत जाते.

काश्मीरला वाईट म्हणावा असा महिना क्वचितच सापडेल. मार्चअखेरीपासून एप्रिलात ट्यूलिप, मे-जूनमध्ये हिरवी कुरणे, सप्टेंबरपासून सफरचंदांची तोडणी, ऑक्टोबरअखेरीस पांपोरच्या शेतांत केशराची जांभळी फुले आणि त्याच सुमारास तांबडे होत जाणारे चिनार. २१ डिसेंबरला चाळीस दिवसांचे कडाक्याचे 'चिल्लई कलान' सुरू होते, आणि गुलमर्गचे स्कीइंग जानेवारी-फेब्रुवारीत रंगात येते. यातला ऑक्टोबरअखेरचा पंधरवडा मराठी प्रवाशांच्या लेखी अजून उपेक्षित आहे. तो तसा राहू नये.

उत्तरेच्या मैदानात प्रश्न दोनच: ऊन आणि धुके. राजस्थानातील फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदले गेले. देशातील हा उच्चांक. एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत दुपारी लू वाहते आणि आग्र्याचा संगमरवर डोळ्यांना सोसवत नाही. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत धुके. गाड्या तासन्‌तास उशिराने धावतात, विमाने वळवली जातात आणि ताजमहाल कित्येकदा सकाळी उशिरापर्यंत दिसतच नाही. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात दिल्लीची हवा श्वास घ्यायला वाईट होते; दम्याच्या रुग्णांनी हा काळ टाळावा. उरतात ते फेब्रुवारी आणि मार्चचा पूर्वार्ध. मोहरी फुललेली असते, दुपार सुखाची असते, आणि मथुरा-वृंदावनची होळी याच सुमारास येते. वाराणसीला आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. ऑगस्ट-सप्टेंबरात गंगेला पूर येतो, घाटांच्या पायऱ्या पाण्याखाली जातात आणि नावा थांबतात.

राजस्थान नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाहावा हे सर्वपरिचित आहे. उदयपूर, बुंदी, डुंगरपूर ही तळ्यांची गावे मात्र सप्टेंबरात, पाऊस संपता संपता पाहण्याजोगी असतात. माळव्यातील मांडूसाठी तर पावसाळाच हवा. कच्छचे रण पावसाळ्यात उथळ पाण्याखाली असते. ते वाळून मिठाचा पांढरा थर धरते ते हिवाळ्यात. दिवाळी लवकर आली तर तिथे पांढऱ्या रणाऐवजी चिखल दिसण्याची शक्यता असते. डिसेंबर ते फेब्रुवारीतली पौर्णिमा साधावी.

पश्चिम किनाऱ्यावर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा समुद्राचा काळ आहे. मेअखेरीस गोव्याच्या किनाऱ्यावरचे शॅक उतरवले जातात, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचेस थांबतात आणि जंजिरा, सिंधुदुर्ग या किल्ल्यांपर्यंत होड्या जात नाहीत. समुद्रस्नान जिवावर बेतणारे असते. तरीही गोवा आणि कोकण यांचे खरे रूप पावसातच दिसते. २४ जूनचा सांव जांवचा सण, भातलावणी, कातळावर उगवलेली फुले, प्रत्येक कड्यावरून कोसळणारे पाणी. ज्यांनी गोवा फक्त डिसेंबरात पाहिला, त्यांनी त्याचा किनारा पाहिला. गाव पाहायचा राहिला. गणपतीत कोकणात जाण्याचा बेत असेल तर रेल्वेची आरक्षणे खुली होताच संपतात, हे वेगळे सांगायला नको. केरळमध्येही पावसाची ओढ अशीच. जुलैच्या मध्यापासूनचा कर्कटकम महिना आयुर्वेदिक उपचारांसाठी परंपरेने निवडला जातो, आणि त्यानंतर ओणम येतो. २०१८ च्या ऑगस्टमधला पूर लक्षात ठेवून बेत लवचीक ठेवला की झाले.

पूर्व किनाऱ्याला चक्रीवादळांचे दोन हंगाम आहेत: मान्सूनच्या आधी एप्रिल-मे आणि नंतर ऑक्टोबर ते डिसेंबर. ओडिशाला उद्ध्वस्त करणारे महाचक्रीवादळ २९ ऑक्टोबर १९९९ चे. फनी पुरीजवळ धडकले ते ३ मे २०१९ ला. पुरी, कोणार्क, चिलिका यांच्यासाठी डिसेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी सुरक्षित आणि सुंदर. चिलिका सरोवरात तेव्हा स्थलांतरित पक्षी असतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये ऋषिकुल्या व गहिरमाथ्याला ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. पश्चिम किनाराही या संकटातून सुटलेला नाही. ३ जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ चे तौक्ते कोकणच्या बागायतदारांना आजही आठवते. अंदमान, लक्षद्वीप या बेटांसाठी जानेवारी ते एप्रिल. समुद्र शांत, पाणी नितळ. यापेक्षा जास्त विचार करण्याची गरज नाही.

ईशान्य भारतात पाऊस एप्रिलपासूनच सुरू होतो आणि ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो. मेघालयात कशासाठी जायचे यावर सगळे अवलंबून. नोहकालिकाई धबधबा पूर्ण भरात पाहायचा तर पावसाळा; डावकीला उमंगोट नदीचे ते नितळ पाणी, ज्यावर होडी हवेत तरंगल्यासारखी दिसते, ते नोव्हेंबरनंतरच, पावसात तिथे गढूळ लोंढा असतो. एकाच फेरीत दोन्ही मिळत नाहीत, आणि अनेकजण चुकीच्या महिन्यात जाऊन छायाचित्रांना दोष देतात. नागालँडच्या डोयांग जलाशयावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात अमूर ससाण्यांचे प्रचंड थवे उतरतात, आणि १ ते १० डिसेंबर किसामाला हॉर्नबिल महोत्सव भरतो. सिक्कीममध्ये कांचनजंगा ऑक्टोबर-नोव्हेंबरात स्वच्छ दिसते. ऱ्होडोडेंड्रॉनचा बहर एप्रिल-मेचा. काझीरंगा ब्रह्मपुत्रेच्या पुरामुळे पावसाळ्यात बंद असते.

जंगलांचा हिशेब माणसाच्या सोयीच्या विरुद्ध जातो. ताडोबा, पेंच, कान्हा, बांधवगड यांचे गाभाक्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असते. वाघ दिसण्याची शक्यता सर्वाधिक एप्रिल-मेमध्ये, कारण पानगळीने रान उघडे पडते आणि जनावरे मोजक्या पाणवठ्यांवर येतात. त्या दिवसांत चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. लहान मुले आणि वृद्ध बरोबर असतील तर फेब्रुवारी-मार्चवर समाधान मानणे शहाणपणाचे. वाघ हुकला तरी पळस फुललेला असतो. भरतपूरच्या केवलादेवमध्ये स्थलांतरित पक्ष्यांसाठी हिवाळा प्रसिद्ध आहे. चित्रबलाकांच्या वसाहती मात्र पावसानंतर, ऑगस्ट ते ऑक्टोबरात गजबजतात, आणि तेव्हा तिथे गर्दी नसते.

निसर्गातल्या काही घटनांचा अवधी इतका थोडा असतो की त्यांना ऋतू म्हणता येत नाही. अकोले तालुक्यातील काजवे मेअखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, पाऊस बसेपर्यंत. वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्ले समुद्राकडे निघतात ती फेब्रुवारी ते एप्रिलात. २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या कास पठाराचा बहर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. कारवी सात-आठ वर्षांनी फुलते, मुन्नारची नीलकुरिंजी बारा वर्षांनी; २००६ आणि २०१८ नंतर तिचा पुढचा मोठा बहर २०३० मध्ये अपेक्षित आहे. या सगळ्या ठिकाणी माणसांचा लोंढा हीच आता मोठी चिंता आहे. काजव्यांच्या झाडाखाली गाड्यांचे दिवे आणि विजेऱ्या लावल्या की काजव्यांचे मीलन बिघडते. कासच्या फुलांत बसून छायाचित्र काढणाऱ्याच्या खाली पुढल्या वर्षीचे बी दडपले जाते. शनिवार-रविवार टाळून आठवड्याच्या मधल्या दिवशी जाणे हा साधा उपाय आहे, आणि तो पाळणे प्रत्येकाला शक्य नसले तरी ज्यांना शक्य आहे त्यांनी पाळलाच पाहिजे.

हवामानाइतकेच महत्त्व देव, सरकार आणि शाळा यांच्या वेळापत्रकांना आहे. गंगोत्री, यमुनोत्रीची कपाटे अक्षय्य तृतीयेला उघडतात. केदारनाथची भाऊबीजेला मिटतात आणि उत्सवमूर्ती उखीमठला जाते. हे दिवस तिथीवर असल्याने इंग्रजी कॅलेंडरात सरकतात. २०२५ ची दिवाळी २० ऑक्टोबरच्या सुमारास होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने ती ८ नोव्हेंबरला गेली. 'दिवाळीत कुठे जावे' या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे दरवर्षी वेगळे असते. विसाव्या तारखेच्या दिवाळीत चिनार अजून हिरवे-पिवळे असतात, आठव्या तारखेच्या दिवाळीत ते पूर्ण तांबडे सापडतात, आणि हिमालयातील उंच रस्ते बंद होण्याच्या बेतात आलेले असतात.

बहुसंख्य लोकांना महिना निवडण्याची मुभाच नसते. सुटी ठरलेली, मुलांच्या परीक्षा ठरलेल्या. त्यांनी प्रश्न उलटा करून विचारावा: हा महिना हाती आहे, तर कुठे जावे? मे महिना असेल तर सिक्कीम (मान्सूनआधी, पहिल्या पंधरवड्यात), काश्मीर, किन्नौर, किंवा उन्हाची तयारी असल्यास ताडोबा. दिवाळीत काश्मीर, कुमाऊँ, राजस्थान, हंपी. तमिळनाडू आणि अंदमान नको. नाताळात केरळ, कच्छ, चिलिका, मेघालय; दिल्ली-आग्रा मात्र नको. अमेरिकेतील मराठी कुटुंबे मुलांच्या सुटीमुळे जून ते ऑगस्टमध्येच येतात आणि पाऊस आहे म्हणून घरात बसून परत जातात. त्यांच्यासाठी हाच लडाख आणि स्पितीचा हंगाम आहे. ऑगस्टमध्ये वेरूळच्या लेण्यांवरून धबधबा कोसळत असतो, अजिंठ्याची वाघूर वाहती असते. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असते एवढे पाहून जावे.

आणि एकाच फेरीत उत्तर, दक्षिण, वाळवंट आणि समुद्र असा सगळा देश पाहू इच्छिणाऱ्याला महिना सांगायचाच झाला, तर तो फेब्रुवारी, विशेषतः त्याचा उत्तरार्ध. धुके उठलेले असते, दक्षिणेतला पाऊस संपलेला असतो, रण वाळलेले असते, बेटांभोवतीचा समुद्र शांत असतो आणि ऊन अजून चढायचे असते. त्या फेरीत उंच हिमालय बसत नाही. त्याच्यासाठी वेगळी खेप काढावी. दुसरा पर्याय नोव्हेंबरच्या उत्तरार्धाचा. त्यात तमिळनाडू आणि पूर्व किनारा सोडावा लागतो.

महिना बरोबर निवडला तरी हवा ऐनवेळी फिरू शकते. हवामान विभागाचे जिल्हावार अंदाज आणि पिवळे, नारिंगी, लाल इशारे रोज प्रसिद्ध होतात. निघण्याच्या आधीचे चार दिवस आणि प्रवासातही ते पाहण्याची सवय ठेवावी. लाल इशारा असताना घाटरस्ता किंवा धबधबा गाठू नये, आरक्षणाचे पैसे बुडाले तरी. पावसाळ्यात डोंगरातला आणि जानेवारीत उत्तरेतला प्रवास करताना परतीच्या विमानाआधी किमान एक दिवस रिकामा ठेवावा. लेहला जाणाऱ्याने, विमान हवेमुळे रद्द होण्याची शक्यता धरून, दोन ठेवावेत.